उंट-घोड्याने मात होत नाही? आधी कोपऱ्याचा रंग बघा

पटावर तुमचा राजा, एक उंट, एक घोडा. समोर एकटा राजा. डाव जिंकलेला आहे हे तुम्हाला माहीत आहे, समोरच्यालाही माहीत आहे. तरी अर्ध्या तासाने दोघे हात मिळवता ते बरोबरीचेच. हे माझ्या बाबतीत दोनदा झालं. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा चांगला वेळ हातात असताना. दुसऱ्या वेळी समोरच्या खेळाडूने शांतपणे घड्याळ थांबवलं, पंचांना बोलावलं आणि स्वतःची चालींची वही पुढे केली. काहीही मारलं न जाता आणि प्यादं न हलता पन्नास चाली झाल्या होत्या, आणि तेवढ्यावर बरोबरीचा दावा करता येतो. मी मोजतसुद्धा नव्हतो.

त्यानंतर मी ही मात नीट शिकलो आणि मग बऱ्याच जणांना शिकवली. शिकवताना लक्षात आलं की बिघाड जवळजवळ प्रत्येकाचा तोच असतो. शेवटच्या तीन चाली सगळ्यांना येतात. गाडी अडते ती त्याच्या खूप आधी. म्हणून खालची तपासणी सोप्यापासून अवघडाकडे लावली आहे. पहिल्या दोन-तीन गोष्टी बघायला अर्धं मिनिटही लागत नाही आणि निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते ओळखा.

समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसतो, तुम्ही त्याला घेरता, पण मात काही बसत नाही. तो कोपरा आणि शेजारचं घर यांच्यात येरझाऱ्या घालत राहतो.

राजा काठावर येतो, तुम्ही शह देता आणि तो पुन्हा पटाच्या मध्यावर निसटतो. मग पहिल्यापासून सुरू.

सगळं छान चाललेलं असतं आणि अचानक समोरच्याकडे चालच उरत नाही, शहही नसतो. स्टेलमेट.

एखादा मोहरा फुकट जातो. बहुतेक वेळा उंटच, कारण तो लांबून काम करतो म्हणून आपण त्याला विसरतो.

किंवा यातलं काहीच होत नाही, तुम्ही फक्त गोल गोल फिरत राहता आणि पन्नास चाली संपतात.

तपासणी १: मोहरे मोजा

हसू नका. मात शक्य आहे का, हेच आधी बघायचं.

नुसता एक उंट किंवा नुसता एक घोडा असेल तर मात होऊच शकत नाही. समोरच्याने मुद्दाम मदत केली तरी नाही. डाव तिथेच बरोबरीत संपतो. दोन उंट असतील आणि ते वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर असतील तर मात होते, आणि उंट-घोड्यापेक्षा बरीच सोपी होते. दोन्ही उंट एकाच रंगाचे असतील (प्याद्याचा उंट केला तरच हे होतं, आणि तसं का केलं हा वेगळा प्रश्न) तर निम्मा पट तुमच्या हाती कधीच येणार नाही. उंट आणि घोडा असेल तर मात होते. दोन घोडे असतील तर समोरच्यावर मात लादता येत नाही. त्याबद्दल शेवटी.

या तपासणीचा खरा उपयोग मात्र त्याच्या आधी होतो. शेवटची अदलाबदल करताना स्वतःला विचारा: माझं एखादं प्यादं वाचवता येईल का? एक प्यादं शिल्लक असेल तर हा सगळा लेख वाचायची गरज नाही, वजीर करा आणि घरी जा. समोरचा खेळाडू आपला मोहरा देऊन तुमचं शेवटचं प्यादं मारायला टपलेला असतो तो उगाच नाही. त्याला ठाऊक असतं की उंट-घोड्याची मात बऱ्याच जणांना येत नाही.

तपासणी २: कोपऱ्याचा रंग

सर्वात स्वस्त दुरुस्ती हीच, आणि सर्वात जास्त वेळा लागणारीही हीच.

उंट-घोड्याची मात चारही कोपऱ्यांत लादता येत नाही. उंट ज्या रंगाच्या घरांवर चालतो, त्याच रंगाच्या कोपऱ्यात लादता येते. उंट पांढऱ्या घरांचा असेल तर ए८ आणि एच१ (पांढऱ्याच्या बाजूने बघता ए ते एच हे डावीकडून उजवीकडे उभे स्तंभ, १ ते ८ या खालून वर आडव्या ओळी). काळ्या घरांचा असेल तर ए१ आणि एच८. बाकीचे दोन कोपरे चुकीचे.

कारण साधं आहे. शेवटी कोपऱ्यातलं घर उंटाने धरलं तरच बाकीची घरं राजा आणि घोडा मिळून झाकू शकतात. चुकीच्या कोपऱ्यात उंटाला ते घर दिसतच नाही. तिथे मात होते ती समोरच्याने चूक केली तरच.

आता समोरचा काय करतो? त्यालाही हे माहीत असतं. म्हणून तो काठावर ढकलला गेला की धावत चुकीच्या कोपऱ्याकडे जातो. आणि आपल्याला वाटतं, आला जाळ्यात! मग आपण तिथेच मात शोधत बसतो. वीस चाली तिथे जातात.

त्याला चुकीच्या कोपऱ्यात जाऊ द्या. उलट तो तिथे जाणार हे धरूनच चला. मात करायचा खरा रस्ता चुकीच्या कोपऱ्यापासून सुरू होतो आणि काठाकाठाने बरोबर कोपऱ्यात संपतो.

तपासणी ३: किती शह देताय?

मागच्या दहा चाली आठवा. त्यातल्या चारपेक्षा जास्त शह असतील तर दुखणं सापडलं.

शह दिला की काहीतरी होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात शह म्हणजे राजाला हलायला भाग पाडणं, आणि तो हलतो तो बहुतेक वेळा तुम्हाला नको त्या बाजूला. हे काम शांत चालींनी होतं: एक घर काढून घ्या, मग दुसरं घर काढून घ्या. त्याच्याकडे एकच घर उरलं की तो आपल्या पायांनी तिथे जातो.

मी शिकवताना एक युक्ती वापरतो. शह द्यायच्या आधी मोठ्याने म्हणायचं: "शह दिल्यावर तो कुठे जाईल?" उत्तर एकाच घराचं असेल आणि ते घर तुम्हाला हवं असेल तर द्या. दोन घरं असतील तर हात मागे घ्या.

तपासणी ४: तुमचा राजा कुठे आहे?

समोरचा राजा अजून मध्यावर असेल तर पुढचं सगळं सोडा आणि हे बघा.

नवखा खेळाडू उंट आणि घोडा घेऊन शिकारीला निघतो आणि स्वतःचा राजा मागे ठेवतो. जमत नाही, कारण दोन हलके मोहरे मिळून राजाला अडवू शकत नाहीत. एकट्या राजाला मागे रेटतो तो दुसरा राजाच. तुमचा राजा समोरासमोर उभा राहिला की त्याच्या पुढची तीन घरं बंद होतात. उरलेल्या फटी बुजवणं हे मोहऱ्यांचं काम.

घोडा राजाच्या जवळ ठेवा, एक-दोन घरांच्या अंतरात. उंट लांब राहिला तरी चालतो, पण समोरच्या राजापासून लांब. तुमच्या दोन मोहऱ्यांच्या मधोमध त्याचा राजा घुसला की एक जातोच. मोहरा फुकट जातो तो असा.

आणि इथे कामाची वाटणी लक्षात घ्या. उंट एकाच रंगाची घरं झाकतो. घोडा पांढऱ्या घरावर उभा असेल तर काळी घरं झाकतो, काळ्यावर असेल तर पांढरी. म्हणजे पांढऱ्या घरांचा उंट असताना घोडा पांढऱ्या घरावर उभा केला की दोघे मिळून दोन्ही रंग सांभाळतात. काही समजेनासं झालं, कुठली चाल करावी सुचेना, तर घोडा उंटाच्या रंगाच्या घरावर नेऊन ठेवा. नव्वद टक्के वेळा ती चाल चुकीची नसते. (टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, पण तुम्ही करून बघा.)

तपासणी ५: चाली मोजताय ना?

शेवटचा मोहरा मारला गेला किंवा शेवटचं प्यादं हललं तिथून मोजणी सुरू. दोघांच्या पन्नास-पन्नास चाली त्यानंतर झाल्या की समोरचा बरोबरीचा दावा करू शकतो. दावा कोणीच केला नाही तर पंचाहत्तर चालींवर डाव आपोआप बरोबरीत जातो.

पन्नास पुरतात का? पुरतात. दोन्ही बाजूंनी अचूक खेळलं तर उंट-घोड्याची मात सर्वात वाईट जागेवरूनही ३३ चालींत होते. दोन उंटांची १९ चालींत. म्हणजे उंट-घोड्यात तुमच्याकडे सतरा चालींची मोकळीक आहे. अचूक कोणी खेळत नाही, पण सतरा चाली म्हणजे थोड्याथोडक्या नाहीत.

माझा हिशेब असा: चुकीच्या कोपऱ्यातून बरोबर कोपऱ्यात मात करायला, खाली दिलेल्या पद्धतीने, जास्तीत जास्त १९ चाली धरा. म्हणून तिसाव्या चालीपर्यंत समोरचा राजा चुकीच्या कोपऱ्याजवळ आणि तुमचे मोहरे जागेवर हवेत. वहीत प्रत्येक दहाव्या चालीला एक टिंब काढा. मी मोजत नव्हतो म्हणून गेलो.

तपासणी ६: घोड्याची नागमोडी वाट

आता खरं काम. इथे पट समोर घेऊन बसा, नुसतं वाचून उपयोग नाही.

मांडणी: तुम्ही पांढरे. राजा एफ६, घोडा एफ७, उंट ई४. काळा राजा जी८. चाल तुमची. उंट पांढऱ्या घरांचा आहे, म्हणून एच८ हा चुकीचा कोपरा आणि ए८ हा बरोबर. काळा राजा एच८ वर होता, घोड्याने एफ७ वर येऊन त्याला शह दिला आणि तो जी८ ला आला, असं समजा.

या पद्धतीला बरेच जण फिलिडोरची पद्धत म्हणतात, अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने. घोडा एफ७, ई५, डी७, सी५, बी७ असा खाली-वर जातो, पटावर बोट फिरवलंत तर इंग्रजी डब्ल्यू दिसेल.

पहिली चाल उंट एफ५. हा नुसता वेळ काढणं आहे. काळ्या राजाला एच८ घोड्याने, एच७ उंटाने, जी७ तुमच्या राजाने बंद. एफ८ शिवाय जागा नाही. तो एफ८ ला गेला की दुसरी चाल उंट एच७. आता जी८ बंद, परतीचं दार लागलं. तो ई८ ला जातो, दुसरं काही नाहीच.

तिसरी चाल घोडा ई५. इथे हात थरथरतो. घोडा काठापासून लांब नेतोय, राजा सुटेल असं वाटतं. पण ई५ वरून घोडा डी७ आणि एफ७ दोन्ही झाकतो. काळ्याकडे दोनच चाली उरतात: एफ८ किंवा डी८.

तो एफ८ ला गेला तर सोपं. चौथी घोडा डी७ शह, तो ई८. पाचवी राजा ई६, तो डी८. सहावी राजा डी६, तो ई८. सातवी उंट जी६ शह, तो डी८. आठवी उंट एच५, पुन्हा वेळ काढणं, पण ई८ चं दार लागलेलं. तो सी८. नववी घोडा सी५, तो डी८. दहावी घोडा बी७ शह, तो सी८. अकरावी राजा सी६, तो बी८. बारावी राजा बी६, तो सी८. तेरावी उंट जी४ शह, तो बी८. चौदावी उंट ई६, तो ए८. पंधरावी घोडा सी५, तो बी८. सोळावी घोडा ए६ शह, तो ए८. सतरावी उंट डी५, मात.

हे पाठ करायला बसू नका. ताल पकडा: उंट मागचं दार लावतो, घोडा एक पाऊल पुढे, राजा सोबत सरकतो. हेच दोनदा होतं, एकदा एफ७ ते डी७ आणि एकदा डी७ ते बी७.

तपासणी ७: राजा निसटतो तो क्षण

माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेक जण इथे अडकलेले असतात. मीही इथेच अडकलो होतो.

वरच्या मांडणीत तिसऱ्या चालीनंतर (घोडा ई५) काळा राजा एफ८ ऐवजी डी८ ला येतो. तुम्ही चौथी चाल राजा ई६ करता. आणि तो सी७ ला पळतो. काठ सोडून! आता तो सी६ ला जाईल, मग बी५, मग सगळा पट त्याचा. इथे माणूस घाबरतो, घोड्याने किंवा उंटाने शह द्यायला लागतो आणि राजा खरोखरच निसटतो.

इलाज: पाचवी चाल घोडा डी७. फक्त एवढीच. शह नाही, गडबड नाही.

बघा काय झालं. घोडा पांढऱ्या घरावर आहे, म्हणून काळी घरं झाकतो: बी८, बी६, सी५. तुमचा राजा ई६ वरून डी६ आणि डी५ सांभाळतो. काळा राजा सी६ ला किंवा बी७ ला गेला की सहावी चाल उंट डी३. आता उंटाने पांढरी घरं धरली: सी४, बी५, ए६. काळा राजा सी६ वर असेल तर त्याच्यापुढे बी५ उंटाचं, सी५ आणि बी६ घोड्याचं, डी५ आणि डी६ राजाचं. मागे फिरण्याशिवाय काही नाही. जे जाळं फाटलेलं दिसत होतं ते फाटलेलंच नव्हतं, फक्त त्याचा एक धागा एच७ वर उभा होता आणि एका चालीत डी३ ला आला.

पुढे एक फाटा शेवटपर्यंत देतो. पाचवीनंतर तो बी७ ला गेला, सहावी उंट डी३, तो सी६. सातवी उंट ए६, तो सी७. आठवी उंट बी५, तो डी८. नववी घोडा बी६, तो सी७. दहावी घोडा डी५ शह, तो डी८. अकरावी राजा डी६, तो सी८. बारावी राजा ई७, तो बी७. तेरावी राजा डी७, तो बी८. चौदावी उंट ए६, तो ए७. पंधरावी उंट सी८, तो बी८. सोळावी घोडा ई७, तो ए७. सतरावी राजा सी७, तो ए८. अठरावी उंट बी७ शह, तो ए७. एकोणिसावी घोडा सी६, मात. इथे शेवटचा घाव घोड्याने घातला, पण ए८ हे घर उंटानेच धरून ठेवलंय हे बघा.

बारावी चाल राजा ई७ मला फार आवडते. राजा मागून वळसा घालून डी८ चं दार लावतो, जणू गुरं हाकतोय.

ही वाट चुकल्याची लाज बाळगू नका. २०१३ मध्ये जिनिव्हातल्या महिला ग्रां प्री स्पर्धेत त्या वेळची जागतिक विजेती अ‍ॅना उशेनिना ओल्गा गिर्याविरुद्ध उंट-घोडा घेऊन खेळत होती. मात झाली नाही, डाव पन्नास चालींच्या नियमाने बरोबरीत सुटला.

तपासणी ८: शेवटच्या चार चालींतलं स्टेलमेट

जिंकत आलेल्यांची ही चूक. तुमचा राजा बी६, काळा राजा ए८. राजाने ए७ आणि बी७ धरलेत, उरलं फक्त बी८. आता तुम्ही घोडा ए६ ला नेलात तर बी८ पण बंद, शह नाही, डाव बरोबरीत. घोडा ए६ ला जायचा तो काळा राजा बी८ वर असतानाच, शह म्हणून. तो ए८ वर असेल तर उंटाने एखादी वेळकाढू चाल करा आणि त्याला बी८ ला येऊ द्या. ही चाल कुठली, तर सी८ वरची नजर न सोडणारी. तपासणी ६ मधल्या ओळीत चौदावी चाल उंट ई६ होती ती याच जातीची, फक्त तिथे उलट काम होतं: काळ्याला बी८ वरून ए८ ला ढकलायचं.

दोन उंटांतही हेच होतं. राजा बी६, काळा राजा ए८, काळ्या घरांचा उंट ई५ ला आणलात आणि पांढऱ्या घरांचा उंट अजून ई६ वर आहे: स्टेलमेट. क्रम उलटा हवा. काळा राजा बी८ वर असताना उंट ई५ शह, तो ए८, मग उंट डी५ मात. बाकी दोन उंटांची मात कुठल्याही कोपऱ्यात होते. उंट शेजारी-शेजारी ठेवा, दोघांच्या तिरक्या रेषांची भिंत होते. तुमचा राजा पुढे आणा आणि भिंत एकेक पाऊल सरकवा. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

इथे थांबा

काही बिघाड घरी दुरुस्त होत नाहीत.

दोन घोडे विरुद्ध एकटा राजा: थांबा, वेळ घालवू नका. का ते एकदाच पटावर बघा. तुमचा राजा बी६, काळा राजा बी८, एक घोडा डी७ वर येऊन शह देतो. दुसरा घोडा डी५ वर असेल तर तो सी७ ला जाऊन मात करू शकतो, पण मग सी८ उघडं आहे आणि काळा तिकडे जातो. दुसरा घोडा ई७ वर ठेवून सी८ बंद केलंत तर काळा ए८ ला जातो खरा, पण ई७ वरून सी७ ला एका चालीत पोहोचता येत नाही. एक चाल कमी पडते, आणि ती वेळ काढायला गेलात तर स्टेलमेट. मात होते ती समोरच्याने स्वतःहून कोपऱ्यात उडी मारली तरच. दोन-चार चाली त्याला चुकायची संधी द्या आणि बरोबरी मान्य करा. त्याचं घड्याळ संपत आलं असेल तर गोष्ट वेगळी: फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांनुसार मात तत्त्वतः शक्य असल्यामुळे त्याचा वेळ संपला तर डाव तुमचा.

दोन घोडे आणि समोरच्याकडे एक प्यादं: गंमत म्हणजे इथे जिंकता येऊ शकतं, कारण त्याच्याकडे हलवायला प्यादं असल्याने स्टेलमेट होत नाही. एका घोड्याने प्यादं अडवायचं आणि ते फार पुढे आलेलं नसावं. याची सीमा डावाच्या शेवटांचा अभ्यासक त्रॉइत्स्की याने आखून दिली आहे. तुम्ही पांढरे असाल तर अडवलेलं काळं प्यादं ए४, बी६, सी५, डी४, ई४, एफ५, जी६, एच४ या घरांवर किंवा त्यांच्या मागे हवं. पण काही जागांवरून मात व्हायला ११५ चालींपर्यंत लागतात आणि पन्नास चालींचा नियम तर लागूच आहे. हे मला जमत नाही. तुम्हाला हौस असेल तर प्रशिक्षकाकडे जा किंवा टेबलबेस उघडा. सात मोहऱ्यांपर्यंतची प्रत्येक मांडणी त्यात सोडवलेली असते, लिचेस या संकेतस्थळावर ती फुकट बघता येते, आणि तुमची चाल कुठे फसली ते ती एका क्षणात दाखवते.

डाव चालू असताना चालींच्या मोजणीवरून वाद झाला, किंवा समोरचा बरोबरीचा दावा करतोय आणि तुम्हाला पटत नाही, तर हुज्जत घालू नका. घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलावा. वही तपासणं त्यांचं काम आहे. आणि तुमचा वेळ संपला तरी घाबरू नका: समोर एकटा राजा असेल तर तो मात करूच शकत नाही, म्हणून तुम्ही हरत नाही, डाव बरोबरीत जातो.

शेवटचं: वरच्या सगळ्या तपासण्या करूनही तपासणी ७ पाशी दर वेळी अडकत असाल तर पद्धत बदलून बघा. डेलेतांग नावाच्या खेळाडूने १९२३ मध्ये त्रिकोणांची पद्धत मांडली होती: उंट एका लांब तिरक्या रेषेवर ठेवून राजाला त्रिकोणात कोंडायचं आणि त्रिकोण लहान करत न्यायचा. काहींना ती जास्त सोपी जाते. मला नागमोडी वाट बरी वाटते, कारण तिच्यात विचार कमी आणि ताल जास्त. राजा एफ६, घोडा एफ७, उंट ई४, काळा राजा जी८. रोज एकदा मांडा, काळ्याच्या चाली कोणीतरी दुसऱ्याने करू द्या, आणि तो डी८ ला गेला की घोडा डी७ हे आपोआप हातातून येईपर्यंत करा. मला नऊ दिवस लागले होते.